दोन तळहातांतली डबल बॉक

साल एकोणीसशे बासष्ट. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका बिअरच्या गोदामात पिंपं उतरवायला नवीनच लागलो होतो. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुटीत तळघरात गेलो, तर एक माणूस उलट्या खोक्यावर बसलेला. अंगात चामड्याचा एप्रन. कान एवढे मोठे की टोपी डोक्यावर नाही, कानांवरच टेकलेली. त्याने काळसर बिअरचा एक ग्लास दोन्ही तळहातांत धरला होता, गारठलेलं पाखरू सापडलं तर आपण धरू तसा. पीत नव्हता. नुसता धरून बसला होता.

मी विचारलं, "पीत का नाहीस?"

"थांब," तो म्हणाला. "अजून ती बोलत नाही."

मला वाटलं, वेडा आहे. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

पुढचं समजायला माझी थोडी ओळख लागेल, म्हणून देतो. मी अलिबागकडचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण आमचा तेलाचा घाणा शनिवारी बंद. शाळेत तिसरीपर्यंत गेलो. मग मास्तर म्हणाले, शनिवारी पण यायचं. मी म्हटलं, नाही येणार. शाळा तिथेच संपली आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. मुंबईच्या गोदीत राबलो, तिथून बोटीने इकडे आलो. गोदामाच्या साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं, "शनिवारी येणार नाही. रविवारी दोन माणसांचं काम करीन." साहेब हसले आणि ठेवून घेतलं. मी रविवारी दोन माणसांचं काम करत होतो की नाही, ते त्या वेळच्या कोणालाही विचारा.

तळघरातला तो माणूस जर्मन आहे, हे दुसऱ्या दिवशी कळलं. गोदामात जर्मनीहून येणारी सगळी बिअर त्याच्या ताब्यात. प्रत्येक पिंपातली चाखून बघायची, खडूने खूण करायची, मग ते पिंप बाहेर. राहायलाही त्याला गोदामाच्या वरचीच खोली दिलेली. लढाईत कैदी म्हणून इंग्लंडात आला आणि परत गेलाच नाही.

हन्ना, माझी बायको, म्हणाली, "अहो, जर्मनाच्या हाताखाली काम करणार तुम्ही?"

"हाताखाली नाही. शेजारी."

"शेजारी तरी!"

मी ठरवलं, काम करायचं, पण ह्याच्याशी बोलायचं नाही. आणि मी ठरवलं म्हणजे ठरवलं. तो रोज जेवणाच्या सुटीत दोन ग्लास भरायचा. एक स्वतः धरून बसायचा, दुसरा माझ्यासमोर खोक्यावर ठेवायचा. मी हात लावायचो नाही. सुटी संपली की तो काही न बोलता माझा ग्लास मोरीत ओतायचा, विसळायचा, पालथा घालायचा. दुसऱ्या दिवशी परत भरायचा. मीही हट्टी आणि तोही. असं आमचं थंडी सरेपर्यंत चाललं.

शेवटी मीच बोललो. आमचं दोघांचंही इंग्रजी कारखान्यातलं, मोडकं, पण जे विचारायचं होतं त्याला तेवढं पुरे होतं.

"लढाईत तू कुठे होतास?"

"आफ्रिकेत. तिथेच पकडला गेलो."

"आणि तुझ्या गावात यहुदी होते?"

त्याने ग्लास खोक्यावर ठेवला. मला वाटलं, आता उठून जाईल. मग त्याने सांगितलं. त्याच्या बापाची छोटीशी बिअरची भट्टी होती, दक्षिणेकडे, डोंगराजवळ. बिअरला कडूपणा यावा म्हणून हॉप्स नावाच्या वेलीची सुकवलेली फुलं घालतात. ती फुलं एक यहुदी व्यापारी आणून द्यायचा. दर वर्षी शेतं कापून झाली की गाडीत पोती घालून यायचा, पोरांच्या हातांवर एकेक फूल चुरडायचा आणि म्हणायचा, वास घ्या, कुठल्या टेकडीचं आहे सांगा. ह्याला वासाचं वेड लागलं ते तिथून.

"मी अठरा वर्षांचा होतो त्या वर्षी पोती दुसऱ्याच माणसाने आणली."

"मग?"

"मग काही नाही. बापाने पोती मोजून घेतली. मी उतरवायला मदत केली. तो का आला नाही, कुठे गेला, मी विचारलं नाही."

मी समोरच्या ग्लासाकडे पाहिलं.

"तुला खरं सांगतो," तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं नाही. घरी परत जात नाही तो त्याच्यामुळेच. तिथे सगळे म्हणतात आम्हाला माहीत नव्हतं, आणि मला मान हलवावी लागेल."

त्या दिवशी मी समोरचा ग्लास उचलला. माफी देणारा मी कोण? मी कोकणातला तेली. माझ्या घरचं कोणी तिथल्या छळछावण्यांत गेलं नव्हतं. पण 'माझं काही चुकलं नाही' असं त्याने सांगितलं नाही, एवढं मला पुरलं.

मी घाईने घोट घेतला. तो म्हणाला, "परत एकदा. पहिला घोट खोटा असतो."

हे त्याचं दुसरं पालुपद. पहिला घोट खोटा असतो, कारण तोंडात आधीचं काहीतरी असतं, भाकरी, तंबाखू, राग. दुसऱ्याला जीभ खरं बोलते.

आता तुम्ही म्हणाल, बिअर ती बिअर, त्यात एवढं काय. मीही तेच म्हणत होतो. पण ह्या साध्या, हलक्या लागर बिअर नव्हत्या, जड होत्या, आणि प्रत्येकीचा महिना ठरलेला. मे महिन्यात एक यायची, सोनेरी. तिला आधी ओल्या गवताचा वास आणि मागून कडुनिंबाच्या काडीसारखा कडूपणा. साधी बॉक, म्हणजे त्यांच्याकडची एक कडक बिअर, काळसर तपकिरी, तिच्यात भाजलेल्या धान्याची चव. मग डबल बॉक, रंगाने साधीसारखीच पण सगळ्यांत जड, ईस्टरच्या आधी यायची. पानगळीच्या दिवसांत मार्चची यायची, म्हणजे मार्चात करून उन्हाळाभर गार तळघरात झोपवून ठेवलेली, तांबूस. साध्या बॉकच्या पिंपावर तो खडूने एक रेघ मारायचा, डबलवर दोन, मार्चच्या पिंपावर गोल. बिघडलेल्यावर फुली.

एकदा कोणीतरी नमुना म्हणून बर्फातली बॉक पाठवली होती. ती गोठवतात, वरचा बर्फ काढून टाकतात, खाली उरतो तो नुसता अर्क. मी म्हटलं, दे इकडे, कोकणातल्या माणसाला काय होतंय. एवढासा ग्लास घेतला. मग साहेबांनी मला पिंपाशी मराठीत भांडताना पाहिलं. ते म्हातारे होईपर्यंत मला त्यावरून चिडवत.

डबल आणि साधी ह्यांतला फरक मात्र मला जमेना. गार असताना दोघी सारख्याच. तो म्हणायचा, हातांत धर, तुझ्या अंगाची ऊब दे, मग दोघी वेगळं बोलतील. साधी बॉक पावाच्या कडेसारखी लागते, तो म्हणाला. मी म्हटलं, पाव नाही, भाकरी. भाकरीचा पापुद्रा करपतो ना, तशी. त्याला भाकरी माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी हन्नाने करून दिली, मुद्दाम जास्त भाजून, आणि म्हणाली, "जर्मनासाठी भाकऱ्या थापतेय मी, आईने पाहिलं असतं तर!" पण थापली. त्याने पापुद्रा वेगळा काढला, हुंगला, चावला, डोळे मिटून घेतले.

"एक रेघ," तो म्हणाला. "दोन नाही. बरोबर."

आणि डबल? मी पुष्कळ दिवस शोधत होतो. एक दिवस सापडलं. लहानपणी आम्ही ऊसवाल्यांच्या काहिलीजवळ जायचो. गूळ काढून घेतल्यावर काहिलीच्या कडेला जे काळं, चिकट राहतं, ते खरवडून खायचो. तीच चव. त्याला काहील काय हे हातवाऱ्यांनी सांगता सांगता सुटी संपली. माझ्या जिभेला वळण होतं, कारण बाप मला घाण्याजवळ उभं करून तेलाचा थेंब जिभेवर ठेवायचा आणि विचारायचा, तीळ ह्या सालचा की गेल्या. चुकलो की टपली. बापाच्या टपल्या मला स्लाऊला कामाला आल्या.

ईस्टरच्या आधी त्याचा उपास असायचा. दिवसभर काही खायचा नाही, फक्त दुपारी डबल बॉक. त्यांचे जुने मठातले साधू तसंच करत म्हणे. खायला बंदी, प्यायला नाही, म्हणून त्यांनी भाकरीच पातळ केली.

मी म्हटलं, "आणि ह्याला तुम्ही उपास म्हणता?"

"का? तू काय करतोस?"

"आमचा दारफळणीचा सण. सूर्य मावळला की दार लावायचं ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत. पाणी नाही. थुंकी गिळायचीसुद्धा चोरी. बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. पांढरे कपडे घालून देवापुढे आपलं चुकलेलं सांगायचं."

लंडनमधली आमची माणसं त्या दिवशी सिनेगॉगला जात. मी मात्र कोकणातल्या बापासारखा घरातच दार लावून बसायचो. हन्ना म्हणायची, काळ बदलला. मी म्हणायचो, दार तेच आहे.

त्याने विचार केला. "दारावर कोणी आलं तर?"

"राजा आला तरी नाही."

"आणि आग लागली तर?"

"आतून विझवायची."

तो हसला. क्वचित हसायचा. पण त्यानंतर दर वर्षी त्या सणाच्या आदल्या दिवशी माझ्या वाटणीचं संध्याकाळचं काम तो न सांगता करून टाकायचा आणि मला दुपारीच पिटाळायचा. मला धक्का लागू नये म्हणून जिन्यात अंग चोरून उभा राहायचा. एवढा मोठा माणूस, भिंतीला चिकटून.

अडुसष्टच्या हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला. बरा होऊन तळघरात परत आला, नेहमीसारखे दोन ग्लास भरले, डबलचे, आणि आपला दोन्ही तळहातांत धरून बसला. मी माझा धरला. सगळ्या तळघरात काहिलीचा वास भरला होता. मला तर जिन्यातच आला होता.

"थांब," तो म्हणाला. "अजून ती बोलत नाही."

मी थांबलो. त्याने ग्लास नाकाशी नेला, परत खाली घेतला, तळहात आणखी घट्ट केले. सुटी संपली. त्याने घोटही न घेता ग्लास मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला बघवेना.

मी म्हणालो, "बोलते आहे ती. केव्हाची बोलते आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो हळूहळू समजला. त्याचे ते मोठे कान लाल झाले आणि मग पांढरे. तो म्हणाला, "मला वाटलं, बिअर खराब आली."

डॉक्टरने सांगितलं, तापाने नाक गेलं, कदाचित येईल, कदाचित नाही. नाक गेलं की जीभही गेली. गोड, खारट एवढं कळतं, बाकी सगळं पाणी. आता तुम्हीच बघा, त्या माणसाकडे दुसरं काय होतं? बायको नाही, पोरं नाहीत. नाक गेल्याचं साहेबांना कळलं असतं तर काम गेलं असतं, कामाबरोबर वरची खोली, आणि मग जायचं कुठे? ज्या गावात मान हलवावी लागणार होती तिथे?

मी म्हटलं, "चाखीन मी. खडू तू मार."

"हे खोटं आहे."

"पिंपावरची खूण खरी असली म्हणजे झालं."

तो तयार नव्हता. पण पिंपं येऊन पडली होती, लॉरी उभी होती. मी चाखून सांगितलं, "दोन रेघा," आणि त्याने मारल्या. मग तेच सुरू झालं. मी चाखायचो, परत एकदा चाखायचो, त्याच्या कानाशी सांगायचो. एकही पिंप परत आलं नाही.

मोठी पंचाईत एकच होती. दर वर्षी पानगळीत साहेब हॉटेलवाल्यांना बोलावत. मोठ्या टेबलावर ग्लास मांडत आणि हा उभा राहून एकेक चाखून, ही कोणती, कशाबरोबर प्यायची, ते सांगे. ते ऐकून हॉटेलवाले वर्षाची मागणी देत. मी मागे फडकं घेऊन उभा राहायचो. ग्लास धुऊन भरून आणणारा मीच, त्यामुळे मोरीजवळ चाखून ठेवलेलं असायचं. फडकं डाव्या खांद्यावर, साधी. उजव्या खांद्यावर, डबल. हातात, मार्चची. दोन वर्षं निभावलं. एकदा मी सवयीने घाम पुसून फडकं डाव्या खांद्यावर टाकलं आणि त्याने डबलला साधी म्हटलं. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "परत एकदा. पहिला घोट खोटा असतो." सगळे हसले. मी घाईने फडकं उजव्या खांद्यावर टाकलं.

एकाहत्तर साली साहेबांनी तो दिवस ठरवला बुधवारी. मी कॅलेंडर पाहिलं. दारफळणी.

तळघरात जाऊन त्याला सांगितलं. तो पिंप पुसत होता.

"मी येणार नाही," मी म्हणालो.

"मी विचारलं का तुला?"

"दिवस बदलायला सांग साहेबांना."

"हॉटेलवाल्यांची तिकिटं निघाली. आणि ह्या वेळी ग्लास साहेब स्वतः भरणार आहेत, पडद्यामागे. कोणीतरी म्हणालं, पिंपाची खूण बघून कोणीही सांगेल."

"मग दुखणं काढ. सांग ताप आहे."

तो पुसतच राहिला. "आणि पुढच्या वर्षी?"

मी रागावलो. त्याच्यावर, साहेबांवर, कॅलेंडरवर. हन्नाशी त्या रात्री भांडलो. ती म्हणाली, "एक दिवस जा. देव बघतोय कशासाठी जाताय ते." मी म्हटलं, देव बघतोय म्हणूनच जाणार नाही. माझ्या बापाने पोटचं पोर आजारी असताना दार उघडलं नव्हतं. तुम्ही मला दगड म्हणा. हन्नाने म्हटलंच.

मंगळवारी दुपारी त्याने मला नेहमीप्रमाणे लवकर घालवलं आणि जिन्यात भिंतीला चिकटून उभा राहिला. "नीट उपास कर," म्हणाला. बास.

बुधवारी आम्ही पांढरे कपडे घालून बसलो. पडदे ओढलेले. मी प्रार्थना म्हणत होतो, पण मन गोदामात. आता ग्लास मांडले असतील. आता पडद्यामागून आणले असतील. आता तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे बघत असेल, जिथे मी नाही.

दुपार उतरल्यावर फाटकाची कडी वाजली. हन्नाने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"अहो. तो आहे."

मी उठून पाहिलं. अंगात काळा कोट, ज्या कोटात तो फक्त चर्चला जायचा. फाटकाच्या आत आला होता, पण पायरी चढला नव्हता. दार वाजवलं नाही. त्याने टोपी काढली आणि हातात धरून बंद दारासमोर उभा राहिला.

"उघडा हो," हन्ना कुजबुजली. "नुसतं उघडा. बोलू नका, शिवू नका."

"नाही."

"काहीतरी झालंय."

"माहीत आहे."

"मग?"

मी दाराच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मध्ये दार. तो बाहेर टोपी काढून, मी आत पांढऱ्या कपड्यांत. त्याला मी तिथे आहे हे कळलं असावं, आमच्या लाकडी जमिनीचा आवाज व्हायचा. पुष्कळ वेळ आम्ही तसे होतो. पाऊस भुरभुरू लागला तरी तो हलला नाही. मग कडी परत वाजली.

मी दार उघडलं नाही. आज कोणी विचारलं तर आजही सांगेन, उघडणार नाही. आणि तेही त्याला पटलेलं होतं, हे मी पैजेवर सांगतो. दार उघडलं असतं तर तो निराश झाला असता.

त्याच आठवड्यात तो गेला. बोटीने, आपल्या गावी, बहिणीकडे. परत आला नाही. मला लिहिता येतं जेमतेम, त्याला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पत्राबित्राचा प्रश्नच नव्हता. साहेबांनी मला बोलावलं. सगळं कळल्यावर ते दोन दिवस तोंड फुगवून होते, पण पिंपं चाखायला माणूस हवा होता. म्हणाले, "त्याची जागा तू घे. फक्त शनिवारी यावं लागेल." मी म्हटलं, मग राहू द्या. पेन्शनीपर्यंत पिंपंच उतरवली. त्यांनी दुसरा कोणीतरी आणला, तो बिअर बर्फासारखी गार पिऊन दोन घोटांत रेघ मारायचा. मी काही बोललो नाही. मला विचारलं नव्हतं.

पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते दारफळणीच्या दुसऱ्या सकाळचं.

ती सकाळ म्हणजे आमचा शिळा सण. दारं उघडतात. आदल्या दिवशी ज्यांच्याशी बोललो नाही, ज्यांना शिवलो नाही, त्यांच्याकडे जायचं, गोड द्यायचं. आणि हातबोशी करायची. म्हणजे समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे, आणि आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. आमच्यात मोठ्यांशी करतात, आपल्या माणसांशी करतात. बाहेरच्या कोणाशी मी कधी केली नव्हती.

हन्नाने सारणाच्या पुऱ्या डब्यात भरून दिल्या. म्हणाली, "द्या त्याला. आणि तोंडाने काही बोला."

तो तळघरात खोक्यावर बसला होता. एप्रन घडी घालून पिंपावर ठेवलेला. काळा कोट तोच, खांदे अजून दमट.

"उपास झाला?" त्याने विचारलं.

"झाला. तुझं?"

"तीन ग्लास ठेवले होते. मार्चची रंगावरून कळली. राहिल्या दोन. अंदाजाने सांगता आलं असतं, निम्म्या वेळा बरोबर येतं."

"मग सांगायचंस की!"

"मी ग्लास हातांत धरला. सगळे थांबले. मग मी म्हणालो, मला हिचा वास येत नाही, चव येत नाही, तीन वर्षं येत नाही." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "साहेबांनी विचारलं, मग चाखत कोण होतं? मी म्हणालो, शनिवारी न येणारा माणूस, आणि तो आज दार लावून बसला आहे, त्याला त्रास देऊ नका."

"हे सांगायला आला होतास काल?"

"नाही. तू म्हणाला होतास ना, त्या दिवशी आपलं चुकलेलं सांगतात. मी ते करून आलो होतो. मग कुठे जायचं कळेना. एकदा गप्प बसलो होतो. दोनदा नको वाटलं."

"आता?"

"आता घरी. फुलांची पोती आणायचा तो कुठे गेला, ते विचारायचं आहे. कोणाला तरी माहीत असेल. सांगतील, नाही सांगतील. विचारतो."

ईस्टरच्या वेळची डबलची एक बाटली त्याने मागे ठेवली होती. एकच ग्लास भरला. दोन्ही तळहातांत धरला आणि सवयीने डोळे मिटून बसला. मीही बसलो. घाई केली नाही. ऊब लागत गेली आणि हळूहळू तिचा वास आला, जिन्यापर्यंत.

"बोलते का?" त्याने विचारलं.

"बोलते."

"काय म्हणते?"

मी त्याच्या हातांवर वाकून वास घेतला. त्याने ग्लास माझ्या तोंडाशी धरला. मी घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि सांगायला लागलो. आधी काहिलीची कड. मग भिजवलेली काळी द्राक्षं. मग थोडा धूर, लांब कुठेतरी शेत जाळलंय तसा.

"आणि मागे?"

"मागे कडू. अगदी थोडं. फुलांचं."

"हो," तो म्हणाला. "तशीच होती."

त्याचे हात ग्लासभोवती होते तसेच मी माझ्या हातांत घेतले. जाडे, गार, खडूने भेगाळलेले. सोडले, आणि बोटं ओठांना लावली. त्याने डोळे उघडले. हे काय, म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने ग्लास खाली ठेवला, हात कोटाला पुसले, आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"परत एकदा," तो म्हणाला. "पहिला खोटा असतो."

मी परत केली.